उत्तरेच्या वळचणीची काळी फळं

फुसाए गेली त्याच्या पुढच्या शरदात मला पहिल्यांदा कळलं, की गंधक किती जाळायचं हे मला माहीत नाही.

बाकी सगळं येत होतं. आमच्या वाडीत घरटी पर्सिमनची झाडं आहेत. फळ लहान, नारिंगी. झाडावरून काढून तसंच चावलं तर जीभ आवळून जाते. सोलून महिनाभर वाळवलं की मधासारखं गोड होतं, वर साखरेची पांढरी पूड धरते. माझी अठ्ठावीस झाडं. फळं उतरवायची, सोलायची, देठ दोरीत अडकवून माळा करायच्या, त्या माडीवर टांगायच्या, ही माझी कामं. मधलं एक काम तिचं. सोललेल्या माळा परसातल्या खोपटात न्यायच्या आणि दार लावून गंधकाची धुरी द्यायची. धुरी दिली नाही तर फळ काळं पडतं. दिली तर वाळल्यावरही नारिंगी राहतं, आणि लोक नारिंगीच विकत घेतात. एकतीस वर्षं हे काम फुसाएनं केलं आणि एकदाही मला खोपटाचा उंबरठा ओलांडू दिला नाही. म्हणायची, "पुरुषाचा पाय आत पडला की फळं काळी पडतात."

शेजारच्या कियोवहिनींचे यजमान स्वतः त्यांच्या खोपटात जायचे हे मी रोज बघत होतो. एकदा फुसाएला तसं म्हटलंही. ती म्हणाली, प्रत्येक घराची रीत वेगळी. मला वाटलं, ही माझ्या आईनं घालून दिलेली रीत असेल. आईला वाटत असणार, सून माहेराहून घेऊन आली. कुणी कुणाला विचारलं नाही.

खरं तर ही धुरी आमच्या वाडीत आणली माझ्या वडिलांनी. त्याआधी सगळ्यांचीच फळं काळी व्हायची. वडील कुठून तरी शिकून आले. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी बघायला आले, तिसऱ्या वर्षी ज्याच्या त्याच्या परसात खोपट उभं राहिलं. त्यामुळे कुमागाइ या नावाला इथे मान आहे. आणि त्यांचा मुलगा तोकुजी, म्हणजे मी, बासष्टाव्या वर्षी गंधकाचा डबा हातात घेऊन उभा होतो आणि पुढचं काही सुचत नव्हतं.

त्या वर्षी फळं बिघडून चालणार नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी सावाको नागोयाला असते. आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला आली तेव्हाच तिनं विषय काढला. एकट्यानं हे सगळं होणार नाही, झाडं कियोवहिनींच्या घराला कसायला द्या आणि माझ्याकडे चला. मी नको म्हणालो. ती हटली नाही, ते आईकडून आलेलं आहे. शेवटी असं ठरलं. अकरा डिसेंबरला आईचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी आईच्या हातच्यासारखी फळं देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे ठेवता आली आणि मी धडधाकट असलो, तर ती पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर वसंतात घराला कुलूप. मी कबूल केलं. तेव्हा ते मला अवघड वाटलं नव्हतं.

डब्यात पिवळी पूड होती आणि चहाच्या डब्याचं एक झाकण. ती मापाला ते झाकण वापरायची एवढं मी लांबून पाहिलेलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ओढलेली एक रेघ होती, अर्ध्याच्या थोडी वर. रेघेपर्यंत घ्यायचं, का रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही, का ती रेघ आणखीच कशाची, काही समजेना. तिनं कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. इस्पितळात असताना मी विचारू शकलो असतो. तेव्हा मी तिला रोज, आज काय खाल्लंस, एवढंच विचारत होतो.

कमी पडण्यापेक्षा जास्त बरं असा विचार करून पहिल्या खेपेला झाकण शिगोशीग भरलं. मातीच्या परळात निखारे घेतले आणि आत जाऊन पूड त्यावर टाकली. आधी ती वितळली, लालसर काकवीसारखी झाली. मग कडेनं निळी ज्योत धरली. दिवसाउजेडी धड दिसतही नव्हती, इतकी बारीक आणि निळी. मी वाकून बघत राहिलो. एवढी वर्षं माझ्या परसात दर शरदात ती पेटत होती आणि मी ती कधी पाहिली नव्हती. मग काडेपेटीच्या शंभर काड्या एकदम ओढाव्यात तसा वास नाकात शिरला. मी कसाबसा दार लावून अंगणात येऊन बसलो. खोकला थांबेना, डोळ्यांतून पाणी.

कियोवहिनी कुंपणापलीकडे उभ्या होत्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण अजून स्वतः शिडी लावून झाडावर चढतात.

"आत कशाला उभा राहिलास?" त्या म्हणाल्या. "पेटवायचं आणि पळायचं, एवढंच असतं ते."

"बघत होतो."

"नवरी बसली होती का आत, बघायला?"

मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, तू स्वतः का गेलास, मला हाक का नाही मारलीस. मी म्हणालो, माझी झाडं, मीच जाणार. त्यांनी एकदा खोपटाच्या दाराकडे बघितलं. घरात निघून गेल्या.

चार दिवसांनी पहिल्या खेपेच्या माळा पाहिल्या तर फळं मेणासारखी फिकट झालेली, जवळ नाक नेलं की वास झोंबायचा. आमच्या सहकारी संस्थेचे सल्लागार होसाका मोटारसायकलवरून आले, एक फळ फोडून हुंगलं आणि म्हणाले, ही पेटीत घालू नका. एका घनमीटर जागेला दहा ग्रॅम गंधक, वीस मिनिटं, असा हिशोब असतो. आम्ही दोघांनी मिळून खोपटाची मापं घेतली. एक भिंत तिरकी, छप्पर एका बाजूला उतरतं, फटींवर फुसाएनं जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले. होसाकांनी कागदावर बराच वेळ आकडेमोड केली आणि एक आकडा काढला. मग झाकणात रेघेपर्यंत पूड भरून वजन केलं. ती आकड्यापेक्षा बरीच कमी भरली.

"कमीच वापरायच्या त्या," होसाका म्हणाले. "तरी फळाला डाग नसायचा. कसं करता म्हणून मलाच विचारायचं होतं एकदा."

म्हणजे जाणकार माणसालाही माहीत नव्हतं. मला जरा बरं वाटलं आणि जास्त भीतीही वाटली.

दुसऱ्या खेपेला कियोवहिनी आल्या. त्यांनी झाकणाकडे बघितलंही नाही. सोललेल्या फळावरून बोट फिरवून म्हणाल्या, अजून ओलं आहे, थांब. तेन्र्यू नदीवरचं धुकं त्या दिवशी दहा वाजेपर्यंत हललं नव्हतं. दुपारी पुन्हा बोट फिरवलं, तेव्हा फळ कोरडं, किंचित चिकट लागलं. मग म्हणाल्या, आता रेघेपर्यंत घे. फुसाए अशीच थांबायची, म्हणून तिला कमी लागायचं. परळ घेऊन आत त्याच गेल्या, मला हातानं मागे सारलं. मी म्हटलं, मी जातो. त्या म्हणाल्या, "उभा राहा तिथेच." त्यांच्या यजमानांशी त्या याच आवाजात बोलायच्या.

ती खेप चांगली निघाली. तिसरी मी एकट्यानं केली, तीही चांगली निघाली. पण तिसऱ्या खेपेनंतर खोकला जडला तो गेला नाही.

आमच्या घराण्याला खोकला आहेच. वडिलांना होता, आजोबांना उतारवयात लागला होता, मलाही लहानपणापासून. हिवाळा आला की छातीत शिट्टी वाजायची. वाडीत त्याला कुमागाइंचा खोकला म्हणायचे. नदीच्या धुक्यामुळे फळ सावकाश वाळतं आणि गोड होतं, त्यामुळे धुक्याला इथे कुणी वाईट म्हणत नाही; कुमागाइंचीच छाती धुक्याला कच्ची, असं म्हणायचे. मात्र माझं लग्न झालं आणि दोन-तीन हिवाळ्यांत माझा खोकला गेला. आई सगळ्यांना सांगत सुटली, सुनेचा पायगुण. आता सून नव्हती आणि खोकला परत आला होता. याचा अर्थ कुणी काय लावणार, ते मला न विचारताही कळत होतं.

डॉक्टरांनी फोटो काढला, छाती स्वच्छ आहे म्हणाले. वय, दुःख, थंडी. गंधकाच्या धुरापासून लांब राहा. मी म्हटलं, धुरी संपून आठ दिवस झाले, फळं माडीवर वाळताहेत. ते म्हणाले, मग थांबेल. पण थांबला नाही. उलट वाढला. धूर नव्हता, मी खोपटाकडे फिरकतही नव्हतो, धुकं सगळ्यांना होतं तेवढंच मला होतं. सकाळी चहा झाला की अर्ध्या तासात छाती आवळायची. मी चहा बंद करून पाहिला. आंबवलेल्या सोयाबीनचं सूप बंद करून पाहिलं. फुसाएची उशी बदलली, आणि तिच्यावर दोष ठेवल्यासारखं वाटलं म्हणून परत घातली.

सावाको दर रविवारी फोन करायची.

"बाबा, तुम्ही खोकताय."

"चहा लागला घशाला."

"मघापासून तिसऱ्यांदा?"

"गरम आहे."

पलीकडे कॅलेंडर उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी अकराला येतेय. तेव्हा बघू." ते 'बघू' मला घराच्या कुलपासारखं ऐकू आलं.

आता काळ्या फळांचं सांगतो, कारण त्या दिवसांत त्यांचाच विचार मनात यायचा.

दर वर्षी आमच्या घराच्या उत्तरेच्या वळचणीला, जिथे ऊन येत नाही, एका बांबूवर फुसाए काही माळा टांगायची. चाळीसेक फळं. ती काळी पडायची. मी धरून चाललो होतो की धुरी नीट न लागलेली, बिघडलेली ती. विकण्याजोगं नसेल ते घरच्यांनी खायचं हे आमच्याकडे लहानपणापासूनचं आहे, त्यामुळे ती माझ्या ताटात यायची. नारिंगी फळं पेटीत आणि पाहुण्यांपुढे, काळी माझ्यापुढे. नववर्षाला तिचा भाऊ यायचा तेव्हा मी मुद्दाम म्हणायचो, "मेव्हणे, बघून ठेवा, या घरात मालकाच्या वाट्याला नासकं." सगळे हसायचे. तीही हसायची आणि चहा ओतायची. हा आमच्या घरातला जुना विनोद झाला होता.

एकदाच तो विनोद राहिला नाही. मी वाडीच्या वाळवण मंडळाचा प्रमुख झालो त्या हिवाळ्यात संस्थेचे वरचे लोक घरी आले होते. त्यांच्या देखत तिनं माझ्यासमोर काळ्या फळांची बशी ठेवली. मला लाज वाटली. मी बशी बाजूला सरकवली आणि पाहुण्यांच्या ताटातली दोन नारिंगी फळं उचलून खाल्ली, तिच्याकडे बघत. तिनं बशी उचलून आत नेली. त्यानंतर दोन दिवस मी छातीच्या दुखण्यानं अंथरुणात होतो. मंडळाच्या सभेत थंडी बाधली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. आम्ही म्हणजे, ती म्हणाली आणि मी मान हलवली.

तर या वर्षी मी काळी फळं आपोआप निघतील म्हणून वाट बघत होतो. तीन खेपा झाल्या, अकराशेवर फळं वाळली, एक काळं निघालं नाही. काही फिकट झाली, काही डागाळली, पण तिच्या बांबूवरच्यासारखं एकही नाही. मग तिच्यासारख्या निष्णात बाईच्या हातून दर वर्षी चाळीस कशी बिघडायची? चाळीसच कशी? आणि आठवायला लागलो तसं आणखी एक आठवलं. ती फळं कधीच बारकी नसायची. झाडावरची सगळ्यात मोठी, गोल, डाग नसलेली असायची. बिघडलेलं फळ आधी मोठंच का बिघडेल? मी उत्तरेच्या वळचणीखाली उभा राहून रिकाम्या बांबूकडे बघायचो आणि खोकायचो.

नासकं नव्हतं, पण पहिल्या खेपेची फिकट फळं होती. पहिली खेप लहानच होती, साठ-सत्तर फळांची. विकता येत नव्हती, फेकवत नव्हती. अर्धवट वाळली तशी मी ती घरात खायला काढली होती. सकाळी चहाबरोबर दोन, दुपारी एक. झोंबायची थोडी, पण सवय झाली.

नोव्हेंबरच्या अखेरीस कियोवहिनी एक माळ हातात धरून आल्या. चार पदर, काळी फळं, वर पांढरी पूड मस्त धरलेली. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली.

"घे. चाळीस आहेत."

मला कळेना. देवघेव आमच्यात होतीच, पण वाळलेली फळं वाळवणाऱ्याच्या घरी कुणी नेत नाही. आणि तीही काळी. मी म्हटलं, यंदा माझीही फळं नीट निघाली आहेत, वहिनी, एवढी वाईट वेळ नाही आली.

"मी काय भीक घालायला आले?" त्या म्हणाल्या. "खायची तर खा. नाहीतर कावळ्यांना घाल, त्यांची तब्येत चांगली राहील."

आणि गेल्या. मी माळ बांबूवर अडकवून ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही. वाडीत माझ्याबद्दल काय बोललं जातंय कोण जाणे, असं वाटत राहिलं.

डिसेंबर लागताना माझ्या पेट्या संस्थेत गेल्या. होसाकांनी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची फळं बघून मान डोलावली. वर्षश्राद्धासाठी बारा सुंदर फळं मी बाजूला ठेवली होती. फिकट फळं तोपर्यंत संपली होती. घरात खायला दुसरं गोड नव्हतं, म्हणून चहाबरोबर मी एक काळं फळ काढलं.

नेहमीची चव. मऊ, गडद, गुळासारखी. मला एकदम रडू आलं आणि त्यात मी खोकलो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ली. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी सकाळी मी पायऱ्या झाडून परत आलो, बसलो, आणि घरात इतकं शांत का वाटतंय याचा विचार करू लागलो. छातीतली शिट्टी बंद होती.

मी देव्हाऱ्यापुढच्या बारा फळांपैकी एक उचललं. फुसाएची माफी मागून खाल्लं. घड्याळाकडे बघत बसलो. पंचवीस मिनिटांनी गळ्यात खाज सुटली, मग छाती आवळली. एक फळ, धूर नाही, खोपट नाही. दोन तास मी खिडकीला टेकून बसलो होतो. श्वास मोकळा झाल्यावर एक काळं खाल्लं. काही झालं नाही.

मी तसाच कियोवहिनींकडे गेलो. त्या अंगणात लोणच्यासाठी पाला धूत होत्या, हात कोपरापर्यंत लाल झालेले.

"वहिनी, ही चाळीस फळं कुणी टांगायला सांगितली तुम्हाला?"

"किती खाल्लीस?"

"सहा."

"खोकला?"

"त्यांचा नाही."

त्यांनी पाल्याची जुडी पिळली आणि टोपलीत टाकली. "मग झालं तर," म्हणाल्या.

मी हललो नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं. मागच्या वर्षी इस्पितळात भेटायला गेल्या होत्या तेव्हा फुसाएनं मागितलं होतं. यापुढे दर वर्षी चाळीस फळं, धुरी न देता, याच्यासाठी. "त्याला धुरी सोसत नाही, खाण्यातूनसुद्धा. त्याला ते माहीत नाही," असं ती म्हणाली होती. कियोवहिनींनी विचारलं होतं, मग सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, आता एकतीस वर्षांनी काय सांगायचं. मागच्या वर्षी मी शोकात होतो, वाळलेल्या फळाला हात लावला नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

"पण आधी?" मी विचारलं. "पहिल्यांदा तिला कळलं तेव्हा?"

"तुझा बाप कोण होता?" कियोवहिनी म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "मला विचारू नकोस, तोकुजी. मला चाळीस टांगायला सांगितली, मी टांगली."

ते उत्तर होतं की नव्हतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी येताना एक गोष्ट आठवली. लग्नानंतरचा दुसरा किंवा तिसरा हिवाळा असेल. वडील शेवटपर्यंत चहाबरोबर आपलंच नारिंगी फळ खायचे आणि खोकायचे. एके दिवशी सुनेनं त्यांच्या बशीत काळं फळ ठेवलं. त्यांनी ते उचलून बघितलं, "माझ्या घरात काळं फळ?" म्हणाले आणि अंगणात भिरकावलं. मी तिथेच होतो. मी हसलो होतो. नव्या सुनेची चूक झाली असं मला वाटलं होतं. तिनं अंगणातून ते फळ उचललं, पुसलं, आणि संध्याकाळी ते माझ्या ताटात होतं. तोवर धुरी आई द्यायची; पुढच्या शरदापासून ते काम फुसाएनं घेतलं आणि मला खोपटात जायची बंदी झाली. वडील त्याच्या पुढच्या वर्षी गेले.

मला तेव्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक दुसऱ्या दिवशी खोपटात जाऊन उभा राहिलो असतो, दाखवायला की कुमागाइच्या मुलाला गंधक सोसतं. किंवा झाडंच तोडली असती. तिला यातलं काय दिसलं होतं? का तिला फक्त एवढंच वाटलं, की सांगण्यापेक्षा चाळीस फळं टांगणं सोपं? मला तिचा चेहरा आठवतो, चहा ओततानाचा, मी 'मालकाच्या वाट्याला नासकं' म्हणत असतानाचा. त्या चेहऱ्यात काही होतं का, ते मी रोज शोधतो. चेहरा हसतो आणि चहा ओततो.

अकराला सावाको आली. भिक्षू आले, मंत्र झाले, अगरबत्त्या झाल्या. देव्हाऱ्यात फुसाएच्या फोटोपुढे अकरा नारिंगी फळं होती. बाराव्याची जागा मी सारखी करून घेतली होती. सावाकोनं एक हातात घेऊन उजेडात धरलं आणि चावलं.

"आईचंच आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही सकाळपासून खोकला नाहीत."

म्हणजे मी जिंकलो होतो. तिथेच गप्प बसलो असतो तर घर राहत होतं, झाडं राहत होती. पण पुढच्या शरदात मला पुन्हा परळ घेऊन आत जावं लागणार होतं आणि आता मला कळलं होतं की ते मला जमणार नाही. खोटं बोललो असतो तर कुठपर्यंत? ज्या घरात एकतीस वर्षं कुणी कुणाला काही सांगितलं नाही, तिथे आणखी एक गोष्ट न सांगणं मला सोपं गेलं असतं. मी तिला सगळं सांगितलं. फिकट फळं, डॉक्टर, कियोवहिनींची माळ, आजोबांनी भिरकावलेलं फळ. शेवटी म्हणालो, म्हणजे धुरी मला होणार नाही. तू म्हणशील तसं.

तिनं माझ्या बशीतलं काळं फळ उचलून बघितलं, परत ठेवलं. मग भांडी धुवायला गेली. भांडी खूप आवाज करत धुतली.

दुपारी पाहुणे गेल्यावर गंधकाचा डबा कोरड्या जागी ठेवावा म्हणून मी परसात निघालो. धुरी होऊन महिना झाला तरी खोपटात वास राहतो. मी कडी काढली, एक पाय उचलला, तेवढ्यात मागून ती आली.

"बाबा, आत जाऊ नका. पुरुषाचा पाय पडला की फळं काळी पडतात."

मी वळून बघितलं. ती हसत नव्हती.

"हे तुला आईनं सांगितलं?"

"कुणी सांगितलं म्हणजे? आपल्या घरी असंच आहे ना."

ती मला बाजूला करून आत गेली. डबा घेऊन बाहेर आली. तो उघडून तिनं झाकण काढलं, आतली रेघ बघितली, नखानं तिच्यावरून एकदा चाचपलं, झाकण रुमालात गुंडाळलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजा काढून येईन म्हणाली, धुरीला तीन खेपा पुरतात ना. उतरवणं, सोलणं तुमचं. नागोयाचा विषय तिनं काढला नाही.

तिला नुसती रीत माहीत होती की रीतीच्या मागचंही, हे मी तिला विचारायला हवं होतं. विचारायला तोंड उघडलं आणि म्हणालो, रेघेपर्यंतच घे, आणि फळ आधी कोरडं होऊ दे. ती म्हणाली, माहीत आहे. कसं माहीत, तेही मी विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. मी उत्तरेच्या वळचणीला जाऊन बांबूवरची फळं मोजली. एकवीस राहिली होती. पुढच्या वर्षीची चाळीस मीच टांगीन, कियोवहिनींना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, मोठी निवड, नाहीतर बारकी टांगशील आणि म्हणशील बायकोच्या वेळची चव नाही.